छत्तीस इंची एकचाकी थांबवताना: पायांचा दाब की हाताचा ब्रेक?

एकचाकी सायकलीला सहसा फ्रीव्हील, म्हणजे पेडल न मारताही चाक फिरू देणारी रचना, नसते. क्रँक (पेडल बसवलेले दांडे) थेट चाकाच्या आसाला जोडलेले असल्याने चाक फिरते तोवर पायही फिरतात, आणि वर येणाऱ्या पेडलवर उलटा दाब देऊन वेग कमी करणे हा मूळ उपाय ठरतो. ३६ इंची चाकावर मात्र तो लवकर अपुरा पडतो. मिनिटाला १०० फेऱ्या मारणारे असे चाक ताशी सुमारे १७ किलोमीटर धावते, आणि त्या जड रिम-टायरला १२५ मिलिमीटरच्या क्रँकने रोखणे म्हणजे खुंटा मध्याजवळ ठोकलेले जाते ओढण्यासारखे आहे. क्रँक लांब घेतल्यास जोर वाढतो, पण सपाटीवरचा वेग घटतो.

सीटखालच्या लिव्हरने चालणारा रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर दाबणारा) किंवा डिस्क ब्रेक (चाकासोबत फिरणाऱ्या चकतीवर दाबणारा) गुडघ्यांवरचा हा ताण हलका करतो. उतारावर तो हळूहळू ओढत नेऊन स्थिर धरायचा आणि बारीकसारीक तोल पायांनीच सांभाळायचा. एकदम आवळल्यास चाक थबकते आणि स्वार पुढे फेकला जातो. पावसात रिम ब्रेकची पकड कमी होते. तिथे डिस्क सरस.

सपाट रस्त्यावर पायांचा दाब पुरतो. लांब, तीव्र उतारावर मात्र ब्रेक नसलेली मोठी एकचाकी नेऊच नये, असे माझे मत आहे. पायांनी थांबण्याचा सराव तरीही आधी हवा, कारण ब्रेक वेग उतरवतो, पण शेवटी तोल राखून पुढे पाऊल टाकत उतरणे पायांकडेच राहते.