पुण्यातल्या थंडीत सायकलवर काय घालायचं: जॅकेट, थर्मल की बिनबाह्यांचं व्हेस्ट?

परवा भाच्याने विचारलं, "मावशी, या महिन्यात एकच गोष्ट घेता येणारे, विंडचीटर घेऊ का थर्मल?" तो राहतो कर्वेनगरला, रविवारी सिंहगड नाहीतर पानशेतकडे जातो आणि आठवड्यातून दोनतीनदा हिंजवडीला ऑफिसलासुद्धा सायकलनेच. मी म्हटलं दोन्ही नको, आधी नीट ऐक. फोनवर अर्धा तास बोलले, आणि मग वाटलं की हे लिहूनच काढावं, कारण दर डिसेंबरात कोणी ना कोणी हेच विचारतं आणि बरेचजण आधी चुकीच्या गोष्टीवर पैसे घालतात.

आधी आपली थंडी कशी असते ते बघा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे ८ ते १२ अंश, आणि त्याच दिवशी दुपारी २८-३०. म्हणजे साडेपाचला निघताना हुडहुडी भरते आणि साडेनवाला परत येताना घामाच्या धारा. लडाख किंवा युरोपातल्या लोकांचे लेअरिंगचे, म्हणजे थरावर थर घालायचे व्हिडिओ बघून जे सामान घेतलं जातं ते दिवसभर थंड राहणाऱ्या जागेसाठी असतं, आपली बोचरी थंडी दोन-अडीच तासांची. त्यामुळे माझा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो, हे काढल्यावर ठेवणार कुठे? सायकलच्या जर्सीच्या मागच्या खिशात मावत नसेल तर पुण्यात ते कपाटातच पडून राहतं.

दुसरं, शहरातच किती फरक असतो बघा. मगरपट्टा, वडगाव शेरीकडे राहणाऱ्यांना जी थंडी लागते त्यापेक्षा पाषाण किंवा एनडीएच्या बाजूला चार-पाच अंशांनी जास्त असते. आणि खडकवासल्याला धरणाच्या भिंतीखालून जाताना तर एकदम गार पाण्यात हात घातल्यासारखं होतं. रात्री जमीन निवते, तिला लागलेली हवा गार होऊन जड होते आणि उतारावरून खाली सरकत खोलगट जागी साठते. म्हणून पहाटे पायथ्याच्या गोळेवाडीहून सिंहगड चढायला लागलं की दोन-तीन किलोमीटरवर हवा चक्क ऊबदार लागते. घाटात थंडी वाढेल म्हणून पायथ्यालाच सगळं चढवून जे चढायला लागतात ते तिसऱ्या वळणावर थांबून जॅकेट काढताना दिसतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सायकलवर थंडी वाजते ती वाऱ्याने. १० अंश तापमान असताना तुम्ही ताशी ४० ने उतरत असाल तर उघड्या कातडीला ते ६ अंशांसारखं लागतं. आणि चढताना ताशी ७-८ चा वेग, वारा जवळपास शून्य, अंगातून भट्टीसारखी उष्णता निघतेय. एकाच राइडमध्ये या दोन अगदी उलट गरजा. चढायला तासभर लागतो, उतरायला वीस-पंचवीस मिनिटं, आणि खरी फजिती त्या वीस मिनिटांत होते, कारण तेव्हा तुम्ही चढताना आलेल्या घामाने ओले असता.

माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी आत सुती टीशर्ट, त्यावर आईने विणलेला लोकरी स्वेटर आणि वर पावसाळ्यातला रेनकोट घालून सिंहगडला गेले होते. वर पोचले तेव्हा टीशर्ट पिळला असता तर पाणी निघालं असतं. पिठलं-भाकरी खाऊन, दही खाऊन आरामात बसले तोवर ते सगळं गार पडलं, आणि उतरायला लागल्यावर दोन वळणांत दात वाजायला लागले. हातात मोजे अर्ध्या बोटांचे. तिसऱ्या वळणाच्या आधी ब्रेक दाबायला गेले आणि डाव्या हाताची बोटं लिव्हरवर आहेत का नाहीत तेच कळेना, डोळ्यांनी बघून दाबावं लागलं. वळण कसंबसं घेतलं, सायकल कठड्याला टेकवली आणि दोन्ही हात काखेत धरून दहा मिनिटं उभी राहिले. शरीराला थंडी वाजली की ते रक्त हातापायांतून काढून पोटाछातीकडे नेतं, त्यामुळे आधी बोटं जातात, आणि सायकलवर ब्रेक बोटांतच असतो. तेव्हापासून हातमोज्यांबाबत मी कोणाचं काही ऐकून घेत नाही.

आता एकेक थर. अंगाला लागून काय घालायचं, इथे तिघांत तुलना आहे: घरातला सुती बनियन, पॉलिस्टरचा बेस लेअर आणि मेरिनो लोकर. सुती कापड घाम पितं आणि धरून ठेवतं, पॉलिस्टरचा धागा पाणी जवळजवळ पीतच नाही, घाम कापडाच्या बाहेरच्या बाजूला पसरवतो आणि तिथून तो उडतो. ओलं कापड अंगाला चिकटलं की काय होतं, तर पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीसपट वेगाने उष्णता ओढून नेतं, त्यामुळे ओला सुती बनियन घालून उतरण्यापेक्षा आत काहीच नसलेलं बरं. मेरिनो ओली झाली तरी ऊब देते आणि तिला वास धरत नाही, दोन दिवसांच्या टूरला हा गुण फार मोठा, पण किंमत पॉलिस्टरच्या तीन-चारपट, धुवायची नाजूकपणे आणि कसर लागायची भीती. पुण्यातल्या पुण्यात चालवणाऱ्याने पॉलिस्टरच घ्यावं, तेही बिनबाह्यांचं, जाळीदार असलं तर उत्तमच. घरी जिमचा पातळ ड्राय-फिट टीशर्ट असेल तर तोच अंगाला घट्ट बसतो का बघा, नवीन घ्यायची गरजच नाही.

आणि ते जाड थर्मल, म्हणजे लक्ष्मी रोडवर मिळतं तसं आतून मऊ लव असलेलं? ते स्कूटरवर, गावाला, रात्री झोपताना मस्त. सायकलवर नको. त्यात अर्ध्या तासात उकडतं आणि ते सगळ्यात आत असल्यामुळे रस्त्यात काढता येत नाही. भाच्याच्या प्रश्नातला थर्मलचा निकाल इथेच लागला.

मधल्या थराबद्दल फार बोलण्यासारखं नाही. फ्लीसचं जॅकेट पुण्यात सायकलला लागत नाही, महाबळेश्वरला मुक्काम असेल तर संध्याकाळी घालायला न्या. मधे तुमची नेहमीची जर्सी, झालं.

खरी निवड आहे ती इथे: पूर्ण बाह्यांचं विंडचीटर, का बिनबाह्यांचं व्हेस्ट (आतलं बनियन नव्हे, जर्सीवर घालायचं वारा अडवणारं पातळ जाकीट) आणि वेगळे आर्म वॉर्मर, म्हणजे हातांवर चढवायच्या सुट्या बाह्या.

विंडचीटरच्या बाजूने सांगायचं तर एकाच वस्तूत काम होतं, हात झाकतात, स्वस्तातलंही मिळतं, ऑफिसला जाताना शर्टवरसुद्धा घालता येतं. उतारावर त्याला तोड नाही. पण सपाट रस्त्यावर ताशी २५ ने जरा जोर लावून चालवलं की आत घाम साचायला लागतो, विशेषतः काखेत आणि कोपराच्या आतल्या बाजूला, आणि मग तेच ओलं जॅकेट गार पडतं. घ्यायचंच तर पाठीला किंवा काखेखाली जाळी असलेलं घ्या, आणि रेनकोटला विंडचीटर समजून घेऊ नका, रेनकोट पाणी आत येऊ देत नाही तसा घामही बाहेर जाऊ देत नाही.

व्हेस्टची गंमत अशी की वारा समोरून येतो आणि आधी छातीवर आदळतो, तेवढा भाग व्हेस्ट झाकतं आणि काखा मोकळ्या राहतात म्हणून उकडत नाही. पाठीला जाळी असते. व्हेस्टची चेन अर्धी उघडली, पूर्ण उघडली, असं चालवताचालवता एका हाताने कमीजास्त करता येतं. घडी केली की मुठीएवढं होतं. आर्म वॉर्मरचंही तसंच, मनगटापर्यंत खाली सरकवले की अर्ध काम झालं, पूर्ण काढले की खिशात. चांदणी चौकातून निघताना सगळं अंगावर, पिरंगुट घाट चढताना चेन उघडी, बाह्या खाली, आणि पौडला चहा पिऊन पुढे मुळशीपर्यंत सगळं खिशात, हे विंडचीटरने जमत नाही. तोटा म्हणजे दोन वस्तू घ्याव्या लागतात, आणि उतार खूप लांब असेल तर खांद्याला गारवा लागतो.

एक सांगते, सिग्नलला उन्हासाठी स्लीव्हज मिळतात ना, गाडीवर जाणाऱ्या सगळ्या मुली घालतात ते, ते म्हणजे आर्म वॉर्मर नव्हेत. ते पातळ असतात, घामाने ओले होऊन हात उलट गार करायलाच बनवलेले. थंडीसाठीच्यांना आतून मऊ लव असते. १३-१४ अंश असेल तर पातळवाल्यांवर भागतं, ८-९ ला नाही. आणि आपला नेहमीचा सुती सनकोट वाऱ्याने फुगतो आणि घामाने ओला होतो, तो स्कूटरलाच ठेवा.

मग कोणी काय घ्यावं? रोज सकाळी ऑफिसला जाणारा, अंतर १०-१५ किलोमीटर, सिग्नलला थांबत थांबत, जोर कमी लावणारा माणूस असेल तर विंडचीटर, भडक रंगाचं, पाठीवर चमकणारी पट्टी असलेलं. अंधारात निघता, संध्याकाळी अंधारात परत येता, तिथे दिसणं हे ऊब मिळण्याइतकंच महत्त्वाचं. सिंहगड, बोपदेव, दिवे घाट, कात्रजचा जुना बोगदा असं चढ-उताराचं करणारा असेल तर निःसंशय व्हेस्ट आणि आर्म वॉर्मर. ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळात पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड, करणाऱ्यांना दोन्ही लागतं, कारण ४०० किलोमीटरला २७ तास मिळतात म्हणजे एक पूर्ण रात्र रस्त्यावर, आणि पहाटे तीन ते सहा या वेळात थकल्यामुळे अंगात उष्णताच तयार होत नाही, तिथे व्हेस्ट अपुरं पडतं. रात्री चमकणारं व्हेस्ट तर नियमानेच घालावं लागतं, पण ते जाळीचं असतं, त्याला वाऱ्यासाठीचं समजू नका.

वाईहून पसरणी घाटाने पाचगणी-महाबळेश्वर करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथे वेण्णा तलावाच्या काठी जानेवारीत कधीकधी दव गोठतं. पहाटे वरून खाली उतरणार असाल तर विंडचीटर, आत आर्म वॉर्मर, पूर्ण बोटांचे मोजे, सगळं न्या, आणि शक्य असेल तर सरळ ऊन वर आल्यावरच निघा.

हातमोजे पूर्ण बोटांचेच, पण जाड लोकरी नकोत, त्यातून वारा आरपार जातो आणि ब्रेक-गिअरवर हात सरकतो. वारा अडवणारं कापड आणि तळव्याला पकड असलेले घ्या. कानांना माकडटोपी हेल्मेटखाली बसत नाही, हेल्मेट वर उचललं जातं आणि मग त्याचा उपयोग राहत नाही, म्हणून पातळ बफ, म्हणजे ताणणाऱ्या कापडाची नळी, घ्या, तो कानावर, गळ्यात, नाकावर कुठेही ओढता येतो. ओढणीने काम भागेल असं वाटतं, पण तिचं टोक सुटून चाकात जाऊ शकतं, कृपा करून ओढणी नको. गुडघ्यांना मी १२ अंशांखाली नी वॉर्मर घालते, काहीजण अर्ध्या चड्डीतच जातात, ते ज्याचं त्याने बघावं. पायाच्या बोटांना गार लागत असेल तर आधी मोजे जास्त जाड तर नाहीत ना ते बघा, बूट घट्ट झाला की रक्त पोचत नाही आणि पाय आणखी गार पडतो.

आणि काहीच घ्यायचं नसेल तर पेपर. वर टपरीवर चहा प्यायचा, जुना पेपर मागायचा, घडी उघडून जर्सीच्या आत छातीवर सरकवायचा आणि चेन लावायची. युरोपातले शर्यतीतले सायकलपटू घाटमाथ्यावर हेच करत आलेत. मी पहिल्यांदा केलं तेव्हा खरखर आवाज येत होता, पण गोळेवाडीपर्यंत छातीला वारा लागला नाही, खाली येऊन काढला तर आतल्या बाजूने ओला आणि बाहेरून कोरडा.

दुकानात घालून बघताना सरळ उभं राहून बघू नका, सायकलवर बसता तसं पुढे वाका आणि हात लांब करा. पाठ उघडी पडते का, मनगट बाहेर येतं का, छातीवर कापड फुगतं का ते तेव्हाच कळतं. फुगत असेल तर एक साइज कमी, सैल व्हेस्ट उतारावर फडफडतं आणि वारा आत घेतं.

भाच्याने शेवटी व्हेस्ट घेतलं, हातमोज्यांचे पैसे मी दिले. आर्म वॉर्मर पुढच्या महिन्यात बघू म्हणाला, तोवर माझी जुनी जोडी त्याच्या दंडाला घट्ट होते का ते रविवारी निघायच्या आधी घालून बघायचंय.