चुन्याची निवळी किती कडक? पीएच मीटर, ईसी मीटर की केएच किट

समुद्री टाकीत प्रवाळ ठेवणारे बरेच जण बाष्पीभवनाने घटलेलं पाणी चुन्याच्या निवळीने भरतात. थेंब थेंब सोडली की कॅल्शियम आणि क्षारता दोन्ही सांभाळली जातात. (गोड्या पाण्यातल्या गप्पी-गोल्डफिशसाठी हा उद्योग नको.) अडचण एवढीच की पूर्ण ताकदीची निवळी आणि निम्म्या ताकदीची निवळी दिसायला सारखीच. वर धरलेली पांढरी साय म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने थोडा चुना खाल्ला. किती खाल्ला, ते सायीवरून कळत नाही.

मोजायचं कशाशी ताडून? २५ अंश सेल्सिअसला संपृक्त, म्हणजे पूर्ण ताकदीच्या, निवळीत लिटरमागे साधारण दीड ग्रॅम चुना विरघळलेला असतो. तिचा पीएच १२.४५, विद्युतवाहकता (ईसी) सुमारे १०.३ मिलिसीमेन्स आणि क्षारता ११४ डीकेएचच्या (क्षारता मोजायचे अंश) आसपास असते.

पीएच मीटर बहुतेकांकडे आधीच असतो, म्हणून पहिला हात त्याच्याकडे जातो. या कामाला तोच सगळ्यांत कच्चा. पीएचची मोजपट्टी लॉगॅरिदमची, त्यामुळे ताकद निम्मी झाली तरी आकडा जेमतेम ०.३ ने उतरतो. त्यातून तापमानाचा घोळ: तीच संपृक्त निवळी २० अंशांना १२.६३ दाखवते आणि ३० अंशांना १२.२९. म्हणजे मुंबईच्या मे महिन्यात १२.३ दिसला तर निवळी मेलेली नाही, फक्त गरम आहे. मीटरवर ‘एटीसी’ (तापमानाची आपोआप भरपाई) लिहिलेलं असलं तरी ते इलेक्ट्रोडपुरतं. द्रावणाचा पीएच तापमानाने बदलतो तो बदलतोच. ७ आणि १० च्या बफरवर (ठरावीक पीएचच्या द्रावणावर) लावलेला मीटर १२ च्या पुढे कितपत खरं बोलेल, हा प्रश्न उरतोच. ‘११.५ च्या खाली गेली, फेकून द्या’ एवढं सांगायला तो पुरे.

पिंपात निवळी साठवणाऱ्याने किंवा स्टरर (निवळी ढवळणारं यंत्र) चालवणाऱ्याने पैसे घालावेत ते ईसी मीटरमध्ये. वाहकता जवळजवळ सरळ प्रमाणात घटते: पूर्ण ताकदीला १०.३, निम्म्याला ५ च्या थोडं वर. तळाशी बसलेला गाळ ती मोजत नाही, हाही फायदाच. मात्र खरेदीआधी रेंज बघा. हायड्रोपोनिक्सवाल्यांचे स्वस्त पेन बहुधा २ किंवा ९.९९ मिलिसीमेन्सला थांबतात आणि ताज्या निवळीत नुसती एरर दाखवतात. २० पर्यंत जाणारा घ्या. कॅलिब्रेशनला १२.८८ चं द्रावण वापरा, १.४१३ चं नको, कारण ते आपल्या आकड्यापासून फार दूर आहे. टीडीएस पेनही आतून वाहकताच मोजतो, पण पुढे ०.५ ने गुणतो की ०.७ ने, हे कंपनीवर अवलंबून. ते माहीत नसेल तर त्याच्या पीपीएमला अर्थ नाही.

ईसी फसतो तो दोन ठिकाणी. निवळी आरओऐवजी बोअरच्या पाण्यात केली असेल तर त्या पाण्यातले क्षारही आकड्यात शिरतात, आणि वर त्यातले बायकार्बोनेट चुना खाऊन टाकतात ते वेगळंच. दुसरं म्हणजे, जास्त चुना विरघळावा म्हणून निवळीत व्हिनेगर घालत असाल तर १०.३ हा आकडा विसरा. इलेक्ट्रोडवर पांढरा थर चढला की वाचन खाली घसरतं. काही मिनिटं व्हिनेगरमध्ये बुडवून आरओने धुतलं की पूर्ववत.

आठवड्याला एक बादली करणाऱ्याने नवं काहीच घेऊ नये. टाकीची क्षारता मोजायचं केएच किट घरात असतंच. रात्रभर निवलेल्या बादलीच्या मधल्या पाण्यातून सिरिंजने १ मिली घ्या. सायीतून नको, तळातूनही नको. त्यात ४ मिली आरओ पाणी घाला. ५ मिलीच्या नमुन्याला एक थेंब म्हणजे एक डीकेएच, अशा किटमध्ये पूर्ण ताकदीला साधारण २३ थेंब लागतात. १८ थेंबांत रंग पालटला तर ताकद ८० टक्क्यांच्या आसपास. बाटली उभी धरा. तिरकी धरली की थेंबाचा आकार बदलतो. नमुना ढगाळ असेल तर निकाल खोटा येतो: तरंगणारा कॅल्शियम कार्बोनेटही आम्ल पितो आणि शिळी निवळी कडक भासते. ईसी इथे फसत नाही.

किटही नसेल तर हळद आहे. १०० मिली निवळीत चिमूटभर हळद घातली की ती तांबडी होते. मग ५ टक्क्यांचं व्हिनेगर सिरिंजने थोडं थोडं घालत ढवळा. पूर्ण ताकदीला साधारण ५ मिलीवर पिवळा रंग परत येतो, ४ टक्क्यांच्या व्हिनेगरला ६ मिली लागतात. लेबलवरच्या टक्केवारीवर फार विसंबू नका. त्याच बाटलीने आधी ताजी संपृक्त निवळी तपासा आणि तो आकडा १०० टक्के धरा.

तपासलेला नमुना टाकीत परत ओतू नका. आणि चाचणी कुठलीही असो, हातमोजे आणि चष्मा हवाच. १२ च्या वरचा पीएच डोळ्याला माफ करत नाही.