अनोळखी संगीताचा शोध: रेडिओ की स्ट्रीमिंग?

नवे संगीत ऐकण्यासाठी रेडिओ लावावा की स्ट्रीमिंगची वर्गणी भरावी, असा प्रश्न एका स्नेह्यांनी विचारला. खर्चात रेडिओ स्वस्त, हे उघडच आहे. खरा फरक निवड कोण करते, यात आहे. स्पॉटिफाय या स्ट्रीमिंग सेवेची २०१५ साली सुरू झालेली ‘डिस्कव्हर वीकली’ ही यादी तुमच्यासारखी आवड असणाऱ्यांनी ऐकलेली, पण तुम्ही न ऐकलेली गाणी सुचवते. ती बहुधा आवडतात, मात्र ओळखीच्या परिघाबाहेर क्वचितच जातात. याउलट बीबीसी रेडिओ १ वर १९६७ ते २००४ या काळात निवेदक जॉन पील पंक, रेगे आणि आफ्रिकी गिटारवादन शेजारी शेजारी वाजवत, आणि श्रोत्याची पूर्वीची आवड त्यांच्या आड येत नसे. अर्थात, तीच ती लोकप्रिय गाणी फिरवणाऱ्या केंद्रांकडून ही अपेक्षा ठेवू नये. केंद्रापेक्षा निवेदक पारखून घ्यावा. सोयीत मात्र स्ट्रीमिंग सरस आहे, कारण रेडिओवर कलाकाराचे नाव निसटले की शोधाशोध करावी लागते, तर इथे त्याचा सगळा अल्बम लगेच ऐकता येतो.

आवडत्या प्रकारातच खोलवर जायचे असल्यास स्ट्रीमिंग घ्यावे. आवडच रुंदावायची असेल, तर माझे मत निःसंशय जाणत्या निवेदकाच्या रेडिओला आहे.