सार्थ विष्णुसहस्रनाम (खिशात मावणारं): पाठाला मस्त, अर्थाला कंजूस

मंगेशीला देवळाबाहेर फुलांच्या दुकानांच्या रांगेत घेतलं, १२० रुपये. अक्षर मोठं आहे, चष्मा न लावता आई वाचते, म्हणजे पैसे तिथेच वसूल. सगळ्यात भारी काम केलंय ते संधी सोडवायचं. श्लोकाखाली प्रत्येक नाव सुटं करून दिलंय, त्यामुळे ‘विष्णुर्वषट्कारो’ ही दोन नावं आणि ‘भूतभव्यभवत्प्रभुः’ एवढं लांबलचक असूनही एकच, हे नवीन माणसालाही कळतं.

पण अर्थ बघायला गेलात की गडबड. ‘माधव’ हजार नावांत तीनदा येतो, ७२, १६७ आणि ७३५ ला, आणि या पुस्तकात तिन्ही ठिकाणी ‘लक्ष्मीपती’ छापून मोकळे! अरे मग भीष्मांनी युधिष्ठिराला तेच तेच का सांगितलं असेल? शंकराचार्यांच्या भाष्यात बघा, पहिल्यांदा मा म्हणजे लक्ष्मी, तिचा धव म्हणजे पती, दुसऱ्यांदा मा म्हणजे विद्या, म्हणून विद्येचा स्वामी, आणि तिसऱ्यांदा मधूच्या कुळात जन्मला म्हणून माधव. खरी मजा यातच आहे ना, तीच उडवली तर उरलं काय.

दामोदरचंही तसंच. यशोदेने पोटाला दावं बांधलं, बस्स. आचार्य दम म्हणजे इंद्रियनिग्रहावरूनही अर्थ लावतात, दमाने उदार झालेल्या बुद्धीला जो कळतो तो, त्याचा पत्ताच नाही. आता आम्हा गोंयकारांसाठी तर हे नाव आणखीच गंमतीचं, कारण जांबावलीचा दामोदर आपल्याकडे शंकर म्हणून पुजतात, आणि वास्कोच्या सप्ताहात त्याच्यापुढे भजनात विठ्ठल पण येतो, कोणालाच काही खटकत नाही 😄 एखादी तळटीप टाकली असती तर काय बिघडलं असतं, पण हे पुस्तक गोव्यासाठी थोडंच छापलंय.

बाइंडिंग बरं आहे, कागद पातळ, मागच्या पानाची शाई दिसते.

रोजच्या पाठाला हवं असेल तर डोळे झाकून घ्या, ५ पैकी ४. अर्थासाठी मात्र २ च्या वर देववत नाही. शांकरभाष्यासकट मराठी अर्थ असलेलं जाडजूड पुस्तक फोंड्यात नाहीतर म्हापशाला कुठे मिळत असेल तर सांगा, पणजीत शोधून झालं.