पॅक्लिटॅक्सेल आणि सोलापुरातील एक डे-केअर केमो केंद्र : अभिप्राय

माझ्या मावशीला स्तनाच्या कर्करोगासाठी पॅक्लिटॅक्सेल या केमोथेरपीच्या औषधाचा कोर्स सोलापूर शहरातीलच एका खासगी डे-केअर केंद्रात देण्यात आला. हा अभिप्राय केंद्राबद्दल आहे आणि औषधाबद्दलही, कारण हे औषध रुग्णाला कितपत सोसवते, हे बरेचसे ते चढवणाऱ्यांच्या दक्षतेवर अवलंबून असते.

औषधाचे मूळ अमेरिकेतील पॅसिफिक यू या वृक्षाच्या सालीत आहे. ती साल 1962 मध्ये गोळा करण्यात आली आणि 1971 मध्ये मन्रो वॉल व मूळचे नंदुरबारचे डॉ. मनसुख वाणी यांनी तिच्यातील रेणूची रचना प्रसिद्ध केली. खानदेशच्या या सुपुत्राचे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही, याचे वाईट वाटते. प्रतीक्षागृहात मात्र ‘झाडपाल्याचे औषध, म्हणजे त्रास नाही’ असे छातीठोकपणे सांगणारे भेटतात. तसे मुळीच नाही. यू हा वृक्षच विषारी आहे. पेशी दुभंगताना तिच्यात सूक्ष्म नलिकांचा सांगाडा उभा राहतो आणि काम होताच मोडतो. पॅक्लिटॅक्सेल तो मोडू देत नाही, त्यामुळे विभाजन अडते आणि पेशी मरते. केसांच्या मुळांतील आणि अस्थिमज्जेतील निरोगी पेशीही त्यात सापडतात.

शिवाय हे औषध पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे नेहमीच्या इंजेक्शनात ते एरंडेलापासून केलेल्या एका द्रावकात आणि अल्कोहोलात मिसळलेले असते. (मावशी माळकरी, अल्कोहोलाचे कळल्यावर तिने आधी डॉक्टरांकडे आणि मग पांडुरंगाच्या तसबिरीकडे पाहिले.) या द्रावकामुळे काहींना पहिल्या काही मिनिटांतच अंगावर लाली येणे, धाप लागणे, रक्तदाब उतरणे असा तीव्र त्रास होऊ शकतो. येथील परिचारिकांचे काम मी बारकाईने पाहिले. डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड आणि अ‍ॅलर्जीविरोधी इंजेक्शन देऊन त्या पुरेसा वेळ थांबत, फिल्टर असलेला वेगळा सेट लावत आणि सुरुवातीला थेंबांचा वेग अगदी कमी ठेवून पलंगाशेजारीच उभ्या राहत. गर्दीच्या दिवशीही यात कसूर झाली नाही. दर आठवड्याला औषध देण्याच्या पद्धतीत सलाईन साधारण 1 तास चालते, पण पूर्वतयारी धरून अर्धा दिवस मोडतो.

उणीव जाणवली ती बधिरपणाच्या बाबतीत. हातापायांना मुंग्या येणे हा या औषधाचा सर्वज्ञात त्रास आहे आणि तो डोसागणिक वाढत जातो. मावशी शाळेचे गणवेश शिवते. सुईत दोरा ओवता येईना, काजाची कड बोटांना लागेना, तरी ‘अशक्तपणा असेल’ म्हणून ती गप्प राहिली, आणि केंद्रातही उलटी, ताप, जेवण यापलीकडे कोणी काही विचारले नाही. आम्ही स्वतःहून सांगितल्यावर डॉक्टरांनी लगेच मात्रा कमी केली. रुग्णाला दिलेले माहितीपत्रक केवळ इंग्रजीत होते, हे तर सोलापुरात अनाकलनीयच आहे. येथे मराठी, तेलुगू आणि कन्नड या तिन्ही भाषांत ते हवे.

औषध केंद्रातूनच घ्यावे असा आग्रह नव्हता, ही जमेची बाजू. छापील किंमत आणि प्रत्यक्ष विक्रीची किंमत यांत मोठी तफावत असते, तेव्हा दोन-तीन दुकानांत चौकशी जरूर करावी. महात्मा जोतिराव फुले योजनेत बसत असल्यास तेही आधीच विचारून घ्यावे.

औषध चढवण्याच्या कामाला मी पैकीच्या पैकी गुण देईन, वेळेच्या नियोजनाला निम्मेच. पांढऱ्या पेशींचा अहवाल आल्याखेरीज औषध सुरू करत नाहीत, हे योग्यच आहे. पण सकाळी रक्त देऊन दुपारपर्यंत ताटकळणे उन्हाळ्यात फार जड जाते. अक्कलकोट, मंगळवेढ्याकडून येणाऱ्यांनी आदल्या दिवशी गावातच तपासणी करून अहवाल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तरी चालतो. ही सोय केंद्र देते, फक्त विचारल्याशिवाय सांगत नाही.