कुंभारवाड्यातले मावळे कॅमेऱ्यासमोर

यंदा मावळे आणले ते किल्ल्यासाठी कमी आणि फोटोंसाठी जास्त. कसबा पेठेत कुंभारवाड्याच्या बाजूला दिवाळीआधी जी दुकानं लागतात, त्यातल्या एकातून अकरा मावळे, एक तुतारीवाला, दोन घोडेस्वार आणि एक तोफ घेतली. मावळा ३० रुपयांना, घोडेस्वार ८० ला. उंची साधारण चार बोटं. शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे हातात घेतल्याबरोबर आधी पाहिलं ते अंगावर उजेड कसा पडतो.

दुकानात दोन प्रकार होते. प्लास्टरचे, ऑइलपेंट मारलेले, आणि भाजक्या मातीचे, पोस्टर कलरने रंगवलेले. दुकानातल्या मावशी म्हणाल्या, "ताई, प्लास्टरचे न्या, मातीच्यांचा रंग पाणी लागलं की जातो." किल्ल्यावर रोज अळिवाला पाणी मारणाऱ्या मुलांसाठी त्यांचं म्हणणं अगदी बरोबर आहे. फोटोसाठी मात्र उलट. ऑइलपेंटमुळे पगडी, दाढी, धोतर, तलवार सगळं एकसारखं चमकतं. चांगल्या चित्रात पोलाद चमकतं, कापड चमकत नाही. नजर तेवढ्यावरून ओळखते की हे लोखंड आणि हे सूत. प्लास्टरच्या मावळ्याच्या पगडीवर दिव्याचा पांढरा ठिपका उमटला की तिथेच खेळणं उघडं पडतं. जुन्या मऊ ब्रशने टाल्कम पावडर फिरवून, तलवारीचं पातं तेवढं पुसून घेतल्यावर बराच फरक पडला. मातीच्या मावळ्यांना काहीच करावं लागलं नाही. त्यांच्या गालावरून उजेड हळूहळू सावलीत उतरतो.

चेहरे ही या मावळ्यांची कमजोर बाजू. एक डोळा वर, एक खाली, मिशी एका फटकाऱ्यात, आणि कानापाशी साच्याची शिवण. पहिल्या दिवशी समोरून काढलेले सगळे फोटो मी पुसून टाकले.

मग स्पॅनिश चित्रकार गोयाचं '३ मे १८०८' हे चित्र समोर घेऊन बसले. माद्रिदमध्ये फ्रेंच सैनिकांनी स्पॅनिश माणसांना गोळ्या घातल्या, त्या रात्रीचं हे चित्र त्याने १८१४ मध्ये रंगवलं. आज ते माद्रिदच्याच प्रादो संग्रहालयात आहे. वर्गात मी ते कितीदा दाखवलं असेल, पण मावळे हातात असताना ते वेगळंच दिसलं. गोळ्या झाडणाऱ्या एकाही सैनिकाचा चेहरा त्यात दिसत नाही. पाठी, पिशव्या, टोप्या, पुढे रोवलेले पाय, बस. आणि सगळा उजेड येतो जमिनीवर ठेवलेल्या एका चौकोनी कंदिलातून, तो थेट समोरच्या पांढऱ्या सदऱ्यावर.

मावळे पाठमोरे करून पाहिले आणि या मालाची खरी किंमत कळली. पाठीवरची ढाल, शेल्याची गाठ, पगडीचे पेच साच्यात फार सुंदर उतरले आहेत. पाठीला रंगाचा एकच हात दिलेला असतो, त्यामुळे घडण दबत नाही. ज्याने मूळ साचा केला त्याचा हात पक्का होता.

प्रसंग मी माझा घेतला: रात्रीचा पहारा, दरवाजाशी पाच मावळे, कंदील मधोमध. पणती ठेवून पाहिली, पण तिची ज्योत मावळ्याच्या डोक्याएवढी होते आणि मापच बिघडतं. शेवटी विजेच्या माळेतला एक पिवळा दिवा बटर पेपरच्या इंचभर खोक्यात बसवला. खोलीतले बाकी दिवे बंद, मागे काळपट निळा कार्डशीट, कॅमेरा सतरंजीवर, मावळ्यांच्या छातीच्या उंचीला. लेन्स ६० मिलिमीटरची मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची, तिचं छिद्र एफ ११ वर, आणि शटर चार सेकंद उघडं. अळीव काढून टाकावा लागला, त्याची पानं मावळ्याच्या पंज्याएवढी दिसतात. त्याजागी कुंडीतलं शेवाळ लावलं.

दुसरा फोटो डच चित्रकार रेम्ब्रांच्या १६४२ च्या 'नाइट वॉच' या चित्रावरून. त्यात पुढे चालणाऱ्या कॅप्टनच्या हाताची सावली शेजारच्या लेफ्टनंटच्या पिवळ्या अंगरख्यावर पडली आहे, आणि तेवढ्या सावलीने दोघांमधलं अंतर कळतं. तीन संध्याकाळी मी त्या एका सावलीपायी घालवल्या. एका मावळ्याच्या उगारलेल्या हाताची सावली दुसऱ्याच्या पांढऱ्या अंगरख्यावर नेमकी पडली, तेव्हा साच्यातून निघालेली ती दोन सारखी माणसं पहिल्यांदा एकमेकांशी बोलताहेत असं वाटलं. हा फोटो मी मोठा छापून घेणार आहे.

(फ्रेंच चित्रकार मेसोनिए लढायांच्या चित्रांतले घोडे नीट कळावेत म्हणून मेणाचे छोटे घोडे करून पाहायचा. खेळण्यावरून चित्र आणि चित्रावरून खेळण्याचा फोटो, दोन्ही वाटा जुन्याच.)

घोडेस्वारांबद्दल मात्र समाधान नाही. घोड्याचे पाय मोडू नयेत म्हणून पोटाखाली प्लास्टरचा गोळा ठेवला आहे, तो कुठल्याही कोनातून लपत नाही. तोफ मावळ्याच्या गुडघ्यालाही येत नाही. फार मागे ठेवली तरच चालते. दोन भाले घरी येईपर्यंत मोडले, कारण बांधून दिलं होतं एकेरी वर्तमानपत्रात. घरून जुना टॉवेल नेलेला बरा.

मुलांच्या किल्ल्यासाठी प्लास्टरचे घ्या, ते टिकतील. कॅमेऱ्यासाठी मातीचेच, आणि निवडताना चेहरा न बघता पाठ बघा. निघताना मी मावशींना विचारलं, न रंगवलेले मिळतील का? त्या म्हणाल्या, नवरात्राच्या आधी आलात तर कोरे देईन, रंगवायला बसलो की नाही. पुढच्या वर्षासाठी दोन डझन सांगून ठेवलेत.