सनस्क्रीन की लांब बाह्या?

दमट, समुद्राकाठच्या शहरात रोज दुपारी बाहेर पडावं लागत असेल, तर क्रीम लावायचं की अंग झाकायचं हा प्रश्न पडतोच. मी तीन वर्षं क्रीमच्या भरवशावर काढली आणि मग बाह्यांकडे वळलो.

आकडे पाहिले तर फारसा फरक नाही. ऊन अडवण्याचं क्रीमचं माप म्हणजे एसपीएफ, कापडाचं यूपीएफ. एसपीएफ ५० चं क्रीम काय आणि यूपीएफ ५० चं कापड काय, त्वचा भाजणारे साधारण २ टक्केच किरण आत सोडतात. फक्त क्रीमचा आकडा दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम थर धरून काढलेला असतो. इतकं जाड कुणी लावत नाही, मीही कधी लावलं नाही.

पण माझा निर्णय झाला तो घामामुळे. घरातून निघून दहा मिनिटं होत नाहीत तोच कपाळावरचं क्रीम घामाबरोबर डोळ्यांत उतरायचं. डोळे असे चुरचुरायचे की भर रस्त्यात थांबावं लागे. रुमालानं पुसलं की क्रीमही गेलं. दर दोन तासांनी पुन्हा लावा म्हणतात ते बरोबरच आहे, पण चिकट, खारट हातांवर दुसरा थर बसतच नाही, त्याच्या गुठळ्या होतात. मग मी टाळायला लागलो, आणि मान काळवंडली ती त्याच दिवसांत. खारा वारा गार लागतो, त्यामुळे भाजतंय हे कळतही नाही.

लांब बाह्या एकदा चढवल्या की विषय संपला. उकडतं का? पहिला आठवडा, हो. सैल शर्ट घेतला तर नंतर मला तरी फारसं जाणवलं नाही. मात्र कोणताही शर्ट चालत नाही. विरळ विणीचा पांढरा सुती शर्ट किरण बराच आत सोडतो, आणि भिजला तर आणखी. उजेडासमोर धरून पाहा, आरपार दिसत असेल तर तो नको. घट्ट विणीचा, जरा गडद रंगाचा घ्या.

पोहणाऱ्यांचं, खेळणाऱ्यांचं गणित वेगळं असेल, त्यांना क्रीम सोडता येणार नाही. चेहरा, कान आणि हातापायांचे पंजे यांना मीही लावतो, पण झिंक ऑक्साइडचं. पांढरट दिसतं खरं, पण माझ्या डोळ्यांना ते झोंबत नाही. दोन्ही एकदम घेणं जमत नसेल, तर मी आधी शर्ट आणि रुंद काठाची टोपी घेईन, ट्यूब पुढच्या महिन्यात.